मानेतले राखणदार

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई-बाबा दोघंही चळवळीतले. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले, त्यामुळे 'जाहीर' हा शब्द मला 'बाहुली'च्या आधी वाचता आला. पत्रक कसं लिहायचं याचे बाबांचे नियम ठरलेले होते. पहिल्या ओळीत मागणी, शेवटच्या ओळीत वेळ आणि ठिकाण, आणि मधे कुठेही 'कदाचित' नको. 'कदाचित' वाचून मोर्चाला कुणी येत नाही.

हे नियम मी नोकरीला लागेपर्यंत इमानाने पाळले. ते मोडले एका हिवाळ्यात, आणि मोडले याचा मला आजही अभिमान आहे.

नोकरी पौड रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेत होती. आत जे चालतं ते बाहेरच्या माणसांना समजेल अशा मराठीत लिहायचं, हे माझं काम. खोली मात्र मी कोळवण खोऱ्यात घेतली. शहराकडच्या भुकूमच्या एखाद्या नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहून गावाला काही समजावण्याची कल्पना मला सहन होत नव्हती. सकाळची एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर जीपमध्ये तिघांच्या बाकावर पाचवी म्हणून बसायचं.

घरमालकीण म्हणजे आक्का. पन्नाशी ओलांडलेल्या, भाताची शेती स्वतः करणाऱ्या, गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या शेताच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी विकल्या जाऊन तिथे शहरातल्या लोकांची फार्महाऊस उभी राहिली होती. आक्कांनी आपली जमीन ठेवली आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीतला कागदांचा ढीग बघून त्यांनी माझं नाव पत्रकवाली ठेवलं. मग गावात तेच चाललं.

ज्यांच्या प्रयोगशाळेसाठी मी लिहीत होते त्या मॅडम तपकिरी चरबीवर काम करत. चरबी दोन तऱ्हेची असते हे मला त्यांच्याकडून कळलं. पांढरी चरबी साठवते. तपकिरी चरबी जाळते आणि त्या जाळातून अंगाला ऊब देते. तिच्या एकेका पेशीत पुष्कळ बारीक भट्ट्या असतात, आणि त्या भट्ट्यांतल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. तान्ह्या बाळांत ती भरपूर असते, कारण त्यांना आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही. मोठ्या माणसांत थोडीशी उरते: मानेत, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळगीत, कण्याच्या कडेने. थंडी वाजली की ती पेटते आणि रक्तातली साखर, चरबी ओढून घेते. मधुमेहासारख्या आजारांवर काम करणाऱ्यांचं तिच्यावर लक्ष असतं ते म्हणूनच.

मॅडमचा प्रश्न त्याच्याही आतला होता. या चरबीत रोगप्रतिकारक पेशी राहतात. जखम नाही, जंतू नाही, तरी कायमच्या मुक्कामाला. त्या तिथे करतात काय? आणि ज्या बायका वर्षानुवर्षं पोटरीभर गार पाण्यात वाकून लावणी करतात, थंडीच्या दिवसांत पहाटे शेतात आणि डोंगरावर असतात, त्यांच्यात या पेशी वेगळ्या वागतात का? तुलनेला ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बायका घ्यायच्या होत्या. प्रत्येकीने आतून गार पाणी खेळवलेलं जाकीट दोन तास घालायचं, थोडं रक्त द्यायचं, आणि शेवटी ती जागा बधिर करून खळगीतून सुईने तांदळाच्या दाण्याएवढी चरबी काढून द्यायची.

यासाठी सही लागते. सही करण्याआधी वाचायचा कागद संस्थेने बाहेरच्या कुणाकडून तरी मराठीत करून आणला होता. त्याचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "सहभागीच्या तपकिरी वसा ऊतकातील प्रतिरक्षा पेशींच्या चयापचयविषयक भूमिकेचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत अभ्यासाचा हेतू आहे." अशी चार पानं गेल्यावर सहीची रेघ.

मी तो कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आणि जरा मोठ्याने बोलले. हा कागद वाचून सही करणारी बाई कशाला हो म्हणते आहे हे तिला कळणार नसेल, तर ती सही आपण तिच्याकडून काढून घेतली असंच म्हणावं लागेल. देवनागरीत छापलं म्हणून ते मराठी होत नाही. हा कागद घेऊन मी कुणाच्याही दारात जाणार नाही, नोकरी गेली तरी चालेल.

मॅडमनी माझं भाषण संपू दिलं. मग म्हणाल्या की अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीची बैठक पंधरा दिवसांनी आहे, तोपर्यंत दुसरं पत्रक लिही. समितीला पटलं तर तुझं जाईल. नाही पटलं तर हेच जाईल, आणि मग तू काय करायचं ते तुझं तू ठरव.

इकडे गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. संस्थेतले लोक बायकांच्या गळ्यातली चरबी काढून घेतात आणि त्याचं तोंडाला लावायचं क्रीम करतात, असं एसटीत एकीने मला सांगितलं. ती मला ओळखत नव्हती. दुसरीने त्यावर उत्तर दिलं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

"आपल्यात कुटली आलीया चरबी? ज्यांनी जमिनी इकल्या त्यांच्याकडं जा म्हनावं. लई चढलीया त्यांना."

सगळी एसटी हसली. मीही हसले.

माझं पहिलं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा होता 'तुमच्या शरीरातला लढा'. त्याखाली: रोगप्रतिकारक पेशी म्हणजे आपले सैनिक. चरबीविरुद्धच्या लढ्यात हे सैनिक रात्रंदिवस झुंजत आहेत. या लढ्यात सामील व्हा. शेवटी वेळ आणि ठिकाण. वाचून माझेच हात शिवशिवले.

बचत गटाची बैठक आक्कांच्या पडवीत होती. भात झोडून झालं होतं, बायकांना जरा सवड होती. मी उभं राहून पत्रक वाचलं. वाचून झाल्यावर आक्कांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि ओळींवरून बोट फिरवत परत सगळा वाचला.

"वर लिवलंस, ही चरबी चांगली, ऊब देती. खाली लिवलंस, सैनिक चरबीशी झुंजत्यात. मग चांगलीशी कशापाई झुंजत्यात? येडे हायेत का?"

मी म्हटलं, तसं नाही आक्का, म्हणजे वाईट चरबीशी.

"पन ऱ्हात्यात तर चांगल्या चरबीत. तूच लिवलंस."

आता बायका बोलायला लागल्या. एकीने विचारलं, सैनिक काढून घेतले तर मागं कोण राहणार. दुसरीला वाटलं होतं की लढ्यात सामील व्हा म्हणजे मुंबईला जायचं आहे, आणि तिने आधीच सांगितलं की गुरं टाकून तिला जमणार नाही. माझं तोंड गरम झालं. पत्रकात चूक निघाली म्हणून नव्हे, चुका मी याआधीही केल्या होत्या. मी जे लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि ते मला इतकं सहज जमलं होतं, त्याची लाज वाटली. त्या पेशी चरबीशी लढतात असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. 'प्रतिकार' हा शब्द दिसला आणि पुढचं सगळं हाताने आपोआप लिहिलं. लहानपणापासून त्या शब्दापुढे 'लढा' हाच शब्द मी वाचत आले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर बसून मी पहिल्यांदा नीट ऐकलं. भट्टी जोरात चालली की तिचे काही भाग खराब होतात. तपकिरी चरबीची पेशी ते खराब तुकडे बाहेर टाकते. बाहेर बसलेल्या रोगप्रतिकारक पेशी ते गिळून टाकतात. त्यांनी ते गिळले नाहीत तर कचरा साठतो आणि पेशीतला जाळ मंदावतो. म्हणजे आपण ज्यांना फक्त जंतू मारणाऱ्या समजतो त्या पेशी इथे साफसफाई करतात. आणखी एक बाजू आहे. वजन फार वाढलं की यातल्याच काही पेशी बिथरतात, तिथे दाह सुरू होतो आणि ऊब देण्याचं काम बिघडतं. त्याच घरात राहून घर सांभाळणाऱ्या पेशी, आणि त्याच पेशी ते बिघडवूही शकतात.

मी विचारलं, मग थंडीत काम करणाऱ्या बायकांमध्ये काय होतं?

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते माहीत असतं तर सुई कशाला टोचली असती? हे पत्रकात लिही."

'माहीत नाही' असं पत्रकात लिहायचं. बाबांचा 'कदाचित' परवडला.

पुढचे काही दिवस मी लिहीत होते आणि फाडत होते. सैनिक गेले, त्यांच्या जागी 'सफाई कामगार' आले. ते बरोबर होतं, पण निम्मंच. सांभाळणं त्यात येत नव्हतं. एका सकाळी मी आंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या चुलीपाशी गेले. आक्का चुलीतली राख पत्र्याने ओढून घमेल्यात भरत होत्या. मला थंडी वाजत होती. मी म्हटलं, आधी पेटवा ना, राख मग काढा.

"राख काढल्याबिगर जाळ धरत न्हाई," त्या म्हणाल्या. "वारं कुटनं जाईल?"

मी तिथेच बसले आणि त्यांना मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. भट्टी, खराब तुकडे, ते गिळणाऱ्या पेशी, बिथरलेल्या पेशी. त्या ऐकत होत्या, मधेच काटक्या मोडत होत्या. पाणी तापायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजी राखनदार म्हन की. राखन बी करत्यात आन राख बी काढत्यात."

मी त्यांना परत म्हणायला लावलं. राखण आणि राख. भात पिकल्यावर पाखरं-डुकरांपासून शेत सांभाळायला बसतो तो राखणदार या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होता. राखणदार झोपला किंवा बिघडला तर शेताचं काय होतं हेही. एका शब्दात सफाई आली, पहारा आला आणि बिथरण्याची शक्यताही आली. मी आंघोळ न करता खोलीत गेले आणि दुपारपर्यंत पत्रक संपवलं.

यावेळी मथळा होता 'मानेतले राखणदार'. एकच पान, दोन्ही बाजूंनी. पुढच्या बाजूला तपकिरी चरबी म्हणजे काय, राखणदार पेशी काय करतात, आणि त्यांचं शास्त्रातलं नाव रोगप्रतिकारक पेशी आहे. मागच्या बाजूला तीन भाग. तुम्हाला काय करावं लागेल: जाकीट, रक्त, सुई, सुईने किती दुखेल, काय त्रास होऊ शकतो. आम्हाला काय माहीत नाही: थंडीत काम केल्याने राखणदार बदलतात का; तुम्हाला यातून काही फायदा होईल का, बहुतेक होणार नाही. आणि शेवटी, वेळ-ठिकाणाच्या जागी: तुम्ही यातल्या कशालाही नाही म्हणू शकता, अर्ध्यातून उठून जाऊ शकता, कारण सांगावं लागणार नाही. त्याखाली सहीची रेघ.

आक्कांनी ते वाचलं. मागची बाजू दोनदा वाचली. 'माहीत नाही' या भागावर बोट ठेवून म्हणाल्या की हे लिहिलंस म्हणून बाकीचं खरं वाटतं.

समितीच्या बैठकीला मॅडमनी मलाही बसवलं. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर होते, सौम्य, पण कागदाच्या बाबतीत कडक. शेजारी एक वकील आणि आणखी दोघं. डॉक्टरांना 'राखणदार' खटकला. गावाच्या वेशीवरच्या देवालाही लोक राखणदार म्हणतात, उद्या या पेशींना नारळ फोडतील, असं ते म्हणाले. शास्त्रीय शब्द सोडून असे शब्द वापरणं बरं दिसत नाही. वकिलांना 'बहुतेक फायदा होणार नाही' हे वाक्य नको होतं, असं लिहिल्यावर येणार कोण?

माझ्या डोक्यात सभेतलं भाषण तयार होत होतं. मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला आणि समितीला एक सुचवलं. बाहेर चार बायका जीपने येऊन बसल्या आहेत. त्यांना दोन्ही कागद वाचून दाखवू या, आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐकू या. मग ठरवा.

चौघी आत आल्या. आक्का, गटातल्या दोघी, आणि वरच्या वाडीतली एक बाई. ती जंगलातून हिरडा, करवंदं, मध आणून विकायची आणि बाकीचे दिवस मजुरीला जायची. तिला वाचता येत नव्हतं. खुर्चीवर बसायला सांगितल्यावर ती काठावर टेकली.

पहिला, चार पानी कागद वकिलांनी स्वतः वाचला. काय समजलं असं विचारल्यावर गटातल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. आक्का म्हणाल्या, कुणाचं तरी कायतरी तपासनार हायेत, आन त्येच्यावर आमी सही करायची.

मग माझं पत्रक मी वाचलं. सावकाश, न रंगवता. आवाज चढू दिला नाही, हे मला फार जड गेलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारायला वाडीतल्या बाईला निवडलं. बहुधा त्यांना वाटलं असेल की तिच्यापाशी सगळं थांबेल.

ती खाली बघून बोलली, पण थांबली नाही. मानंत एक चरबी असती, ती जाळ करती. जाळाची राख राखणदार काढत्यात. माणूस लई फुगलं की राखणदार बिघडत्यात. आमी थंडीत फिरतो, तर आमचे राखणदार कसे हायेत ते ह्यांना बघायचं हाय. ते ह्यांना ठाव न्हाई, म्हणून आमच्याकडं आल्यात.

डॉक्टरांनी विचारलं, राखणदार म्हणजे देव का?

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "देव कशाला राख काढंल?"

वकील हसले. डॉक्टरही हसले, पण लगेच सावरून त्यांनी विचारलं की मग तू या कामात भाग घेणार का.

"जाकीट घालीन. रगात देईन. सुई न्हाई."

"का?"

"कागदात लिवलंय, कारन सांगायचं न्हाई."

वकील पुढे झुकून म्हणाले की बघा, हीच अडचण आहे, पत्रक ऐकून ती नाही म्हणाली. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांना मी कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही तो चढला नाही.

"तिने कशाला हो म्हटलं, कशाला नाही म्हटलं, आणि कारण विचारल्यावर तुम्हाला कुठे थांबवलं, हे तिला पक्कं कळलं आहे. तुमच्या चार पानांनंतर असं कुणी बोललं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. दोन्ही कागद समोर घेतले. माझ्या पत्रकात 'राखणदार' या शब्दाशेजारी प्रत्येक ठिकाणी 'पेशी' लिहा म्हणाले, बस्स, तेवढंच. 'बहुतेक फायदा होणार नाही' राहू द्या. चार पानी कागदावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि माझ्या पत्रकावर सही केली.

बाहेर आल्यावर मी वाडीतल्या बाईला मिठी मारणार होते, पण तिने जीपची वेळ विचारली. आक्का मात्र संस्थेच्या फाटकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, डॉक्टर कसे गप झाले, वकील कसे गप झाले. जीपमध्ये तिघांच्या बाकावर आम्ही पाच जणी बसलो आणि कोळवणपर्यंत कुणी कुणाला बोलू दिलं नाही.

पत्रक खोऱ्यात फिरलं. कुणी आलं, कुणी नाही आलं, कुणी जाकीट घालून तासाभराने उठून गेलं आणि त्याबद्दल कुणी तिला काही विचारलं नाही. वाडीतल्या बायकांनी निरोप पाठवला की आधी मॅडमनी वर यावं, आमचे प्रश्न आहेत. मॅडम गेल्या. अंगणात घोंगडीवर बसून दुपारभर उत्तरं देत होत्या, आणि माझ्या मोजणीने निदान तीनदा त्यांनी माहीत नाही असं म्हटलं. प्रत्येक वेळी कुणीतरी मान डोलावली.

आक्कांची पाळी आली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. नर्स घाईत होती. तिने पत्रक पुढे सरकवलं, सहीच्या जागी पेन ठेवलं आणि म्हणाली, इथे करा, मावशी.

"थांब जरा," आक्का म्हणाल्या, "मला वाचू दे."

पत्रक त्यांना तोंडपाठ होतं. अर्धं तर त्यांचंच होतं. तरी त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, बोट फिरवत, पुढची बाजू, मागची बाजू. नर्स उभी राहिली. मागे रांगेतल्या दोघीही आपापला कागद उघडून बसल्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर आक्कांनी पेन उचललं आणि आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सुट्या अक्षरांत, रेघेच्या बाहेर जाईपर्यंत लिहिलं.